लक्झरी गाड्या आणि ॲव्हरेजचा कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे पेढा तोंडात जायच्या आत प्रश्न येतो, "किती देते?" मर्सिडीज किंवा पोर्श घेणाऱ्याला हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच, तर तो विचारणाऱ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघतो. पण अमेरिका, युरोप आणि २०१७ पासून भारतातलंही सरकार हाच प्रश्न त्या गाडीच्या कंपनीला दरवर्षी विचारतं आणि उत्तर पटलं नाही तर पावती फाडतं (अमेरिकेतल्या पावतीची रक्कम २०२५ मध्ये शून्यावर आली, ते पुढे येईलच). खालची बरीचशी उत्तरं अमेरिकेबद्दल आहेत, कारण पावती फाडून मोकळं व्हायची रीत तिथेच रुजली.

'कॅफे' म्हणजे काय?

इराण्याच्या कॅफेशी संबंध नाही. कॉर्पोरेट ॲव्हरेज फ्युएल इकॉनॉमी या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि डिसेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी या कायद्यावर सही केली. १९७८ च्या मॉडेलांपासून मोटारींना गॅलनमागे १८ मैलांची अट लागली. आपल्या हिशोबात लिटरला जेमतेम ७.७ किलोमीटर. १९८५ पर्यंत ती २७.५ मैलांवर, म्हणजे ११.७ किलोमीटरवर नेली. मध्ये काही वर्षं दोर थोडा सैल सोडला आणि मग १९९० ते २०१० अशी वीस वर्षं आकडा तिथेच राहिला.

कळीचा शब्द 'ॲव्हरेज'. आपण एका गाडीचं ॲव्हरेज विचारतो, हा कायदा कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांचं विचारतो. म्हणूनच बारा सिलिंडरचं इंजिन बनवायला कुठेही बंदी नाही. त्याच्या जोडीला काय विकता, एवढाच प्रश्न.

मग एक छोटी गाडी विकली की एक मोठी माफ?

इतकं सोपं नाही. समजा एक गाडी लिटरला ५ किलोमीटर देते, दुसरी २०. शाळेतली सरासरी साडेबारा येईल. कायदा मात्र दोघींना सारखंच अंतर पळवतो. शंभर किलोमीटरला पहिली २० लिटर पिणार, दुसरी ५. दोनशे किलोमीटरला २५ लिटर, म्हणजे सरासरी फक्त ८. गणितात याला हरात्मक मध्य म्हणतात. एका खादाड गाडीचं पाप धुवायला एक गुणी गाडी पुरत नाही, चार-पाच लागतात. टोयोटा-होंडाकडे तशा गाड्या ढिगाने होत्या. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज अमेरिकेत प्रामुख्याने मोठ्याच गाड्या विकत होत्या.

दंड किती असायचा?

सुरुवातीला कमी पडलेल्या प्रत्येक ०.१ मैलामागे ५ डॉलर, गुणिले त्या वर्षी विकलेल्या गाड्या. १९९७ मध्ये त्याचे साडेपाच डॉलर झाले. बस. पुढे दोन दशकं तोच दर.

एवढ्या नामांकित कंपन्या दरवर्षी दंड भरत होत्या, त्यांना लाज वाटत नव्हती?

लाजेचा नाही, त्रैराशिकाचा प्रश्न आहे. ०.१ मैलाला साडेपाच डॉलर, म्हणजे पूर्ण मैलाला ५५. कंपनीची सरासरी चांगली ५ मैलांनी कमी पडली तरी गाडीमागे २७५ डॉलर. सेडानची किंमत ८० हजार डॉलर. एवढ्या गाडीला मेटॅलिक रंग हवा म्हटलं तरी गिऱ्हाइकाकडून याहून जास्त घेतात. उलट ती ५ मैलांची तूट भरून काढायची, तर नवं इंजिन, नवा गिअरबॉक्स आणि हलकी बॉडी करावी लागणार. त्याचा खर्च गाडीमागे हजारोंत. शिवाय सहा सिलिंडरचा तो भारदस्त आवाज गेला तर गिऱ्हाईकच जाणार. कुठल्याही हिशेबनिसाने सांगितलं असतं: भरा दंड.

त्यांनी भरला. मर्सिडीजची मूळ कंपनी डाइमलर, तिने एकट्या २००६ च्या मॉडेल वर्षासाठी सुमारे ३ कोटी डॉलर मोजले. बीएमडब्ल्यू, पोर्श, जग्वार, व्होल्वो, फेरारी, मासेराती हीसुद्धा त्या यादीतली नेहमीची मंडळी. कागदावर शब्द 'दंड' होता, वागणूक मात्र एक्सप्रेसवेच्या टोलसारखी होती: खिडकीतून हात बाहेर, पैसे दिले, बॅरिअर वर. माझ्या मते या सगळ्या विषयाची गोम इथेच आहे. दराचा तक्ता आधी हातात ठेवला आणि तो तक्ता चलनवाढीबरोबर वाढलाच नाही, की श्रीमंत माणूस शिस्तीऐवजी पावती निवडतो.

गंमत म्हणजे जनरल मोटर्स (जीएम), फोर्ड आणि क्रायस्लर मात्र दंड भरायला बिचकत. दंड भरणं म्हणजे कायदा मोडल्याची कबुली, उद्या भागधारक कोर्टात खेचतील, असा त्यांचा पवित्रा होता. ही सोवळ्याची परंपरा २०१८ मध्ये मोडली. फियाट क्रायस्लरने २०१६ च्या मॉडेलांसाठी ७.७ कोटी डॉलर भरले. पुढे जीएमनेही २०१६ आणि २०१७ साठी मिळून १२.८ कोटी भरले आणि २०१८-१९ च्या मॉडेलांपोटी स्टेलांटिसचं, म्हणजे फियाट क्रायस्लरच्या नव्या अवताराचं, बिल २३.५ कोटींवर गेलं. पण या सर्वसामान्यांसाठी गाड्या बनवणाऱ्या कंपन्या. आपल्या विषयाची माणसं ती नव्हेत.

युरोपीय कंपन्यांनी तक्रार केली नाही का?

केली, आणि थेट गॅटच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दारात. हा कायदा दिसायला सगळ्यांना सारखा असला तरी दंड जवळजवळ सगळा आम्हीच भरतोय, असं युरोपीय समुदायाचं म्हणणं. त्यांनी तीन गोष्टींना आव्हान दिलं: कॅफे, पेट्रोल ढोसणाऱ्या गाड्यांवरचा कर आणि ३० हजार डॉलरवरच्या गाड्यांवर १९९१ पासून लावलेला १० टक्के लक्झरी कर. १९९४ मध्ये पंचांनी दोन्ही कर योग्य ठरवले. कॅफेमध्ये आयात गाड्यांची सरासरी वेगळी काढायची पद्धत मात्र नियमबाह्य असल्याचं सांगितलं. तो अहवाल पुढे मंजूरच झाला नाही, त्यामुळे निकाल लागूनही घोडं अडलेलंच राहिलं.

देशी-परदेशी वेगळ्या सरासरीचा फायदा घेणारे अमेरिकेतही होते. फोर्डने आपली अजस्र क्राउन व्हिक्टोरिया, जिच्यातून अमेरिकन पोलीस हिंडायचे ती, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'परदेशी' करून टाकली. थोडे सुटे भाग बाहेरून आणले, देशी हिस्सा ७५ टक्क्यांच्या खाली नेला आणि गाडी दुसऱ्या वहीत गेली.

'गॅस गझलर टॅक्स' म्हणजे हाच दंड का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. कॅफेचा दंड कंपनीच्या सरासरीवर, तो गिऱ्हाइकाला कुठे दिसत नाही. गॅस गझलर टॅक्स एकेका मॉडेलवर. १९७८ च्या कायद्याने तो आला. गॅलनमागे २२.५ मैलांपेक्षा (लिटरला ९.६ किलोमीटर) कमी देणाऱ्या मोटारीवर १,००० डॉलरपासून सुरू होतो आणि १२.५ मैलांच्या खाली गेलं की ७,७०० डॉलर. अमेरिकन शोरूममध्ये नव्या गाडीच्या काचेवर जो कागद चिकटवलेला असतो, त्यावर मूळ किंमत, ॲक्सेसरीज आणि वाहतूक खर्चाच्या ओळींतच हा कर नावासकट छापलेला असतो. दीड लाख डॉलरच्या गाडीवर 'ढोसणारी' असा शिक्का!

पण हा कर फक्त मोटारींना आहे. कायदा लिहिला तेव्हा एसयूव्ही ही शेतकऱ्या-कंत्राटदारांची गाडी होती, म्हणून 'हलका ट्रक' या वर्गाला त्यातून वगळलं. आज एखाद्या ताकदवान सेडानवर कर लागतो, आणि तिच्याहून उंच, जड मर्सिडीज जी-वॅगनवर किंवा कॅडिलॅक एस्केलेडवर छदामही नाही. कॅफेतही ट्रकांची अट मोटारींपेक्षा सैल. लक्झरी कंपन्या एसयूव्हीकडे वळल्या त्याला गिऱ्हाइकाची आवड कारण आहेच, पण नियमानेही त्यांना त्याच दिशेला ढकललं.

पैसे न भरता आकडा गाठायचा, तर इंजिनिअर काय करतात?

या कायद्याचं खरं संग्रहालय बॉनेटखाली आहे.

१९८१ च्या कॅडिलॅकमध्ये सहा लिटरचं असं व्ही-८ इंजिन आलं, जे गरज नसेल तेव्हा आठातले दोन किंवा चार सिलिंडर बंद ठेवायचं. कल्पना उत्तम, पण त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ती झेपली नाही. गाडी धक्के खायची, मालक कावायचे. बहुतेक मॉडेलांतून वर्षभरात तिने गाशा गुंडाळला. आज तीच युक्ती अनेक मोठ्या इंजिनांत गुपचूप चालते आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

१९८९ च्या कॉर्व्हेटचा किस्सा माझा आवडता. सहा गिअरचा नवा मॅन्युअल गिअरबॉक्स दिला, पण हलक्या पायाने गाडी काढली की एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खटका, पहिल्यानंतर दुसऱ्याची वाट अडवायचा आणि दांडा सरळ चौथ्यात जायचा. चाचणीतला आकडा त्यामुळे गॅस गझलर टॅक्सच्या रेषेच्या वर राहायचा आणि कर टळायचा. स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाला सिग्नलवर गाडी चौथ्यात घुरघुरताना काय वाटत असेल! लोकांनी तो सोलेनॉइड निकामी करणारा छोटा जोडतुकडा बाजारात शोधला आणि तो खपतही राहिला.

सिग्नलवर आपोआप बंद होणारं इंजिन हीही याच घराण्यातली गोष्ट. बटण दाबून ते बंद केलं तरी पुढच्या वेळी गाडी सुरू करताच पुन्हा चालू कसं, असं पुष्कळ जण वैतागून विचारतात. गाडीची चाचणी ती सुरू होते त्या मूळ अवस्थेत घेतात. बटण लक्षात राहिलं असतं, तर तो फायदा कंपनीच्या खात्यात पूर्ण धरला गेला नसता.

ॲस्टन मार्टिनने खरंच छोटीशी गाडी काढली होती?

हो. नाव सिग्नेट, साल २०११. टोयोटाची आयक्यू, तीन मीटरची, १.३ लिटर इंजिनची शहरी गाडी घ्यायची, तिला ॲस्टनची जाळी लावायची, आत हाताने शिवलेलं चामडं घालायचं आणि मूळ किमतीच्या जवळपास तिप्पट भावाने, तीस हजार पौंडांच्या वर विकायची. युरोपच्या नियमांत ताफ्याची सरासरी खाली आणायला तिचा उपयोग होता. सांगताना 'ॲस्टनच्या मालकांना शहरात फिरायला छोटी गाडी हवी' असं सांगितलं गेलं. वर्षाला चार हजार विकायचा बेत होता. ब्रिटनमध्ये सगळ्या मिळून दीडशेसुद्धा गेल्या नाहीत, २०१३ मध्ये ती बंद झाली.

पुढे २०१८ मध्ये एका गिऱ्हाइकाच्या हौसेखातर कंपनीनेच एका सिग्नेटमध्ये ४.७ लिटरचं व्ही-८ कोंबलं. सरासरी सुधारायला जन्मलेल्या गाडीचं असं झालं.

फेरारीला कुणी काही म्हणत नाही का?

लहान उत्पादकांना वेगळी वागणूक आहे. अमेरिकेत जगभर मिळून वर्षाला १०,००० पेक्षा कमी मोटारी बनवणारी कंपनी स्वतःपुरती वेगळी अट मागू शकते. फेरारीने २०१९ मध्ये १०,१३१ गाड्या पाठवल्या आणि २०२४ मध्ये १३,७५२, म्हणजे ती रेषा ओलांडली. युरोपात मोजणी फक्त युरोपातल्या नोंदणीची. १,००० च्या आत असाल तर नियमच नाही आणि १,००० ते १०,००० असाल तर सवलत मागता येते. ही सवलत २०३५ अखेरपर्यंत वाढवणारी दुरुस्ती झाली तेव्हा ब्रुसेल्समध्ये तिला सर्रास 'फेरारी दुरुस्ती' म्हणत होते.

पावती फाडून मोकळं होणं कधी थांबलं?

२०१२ च्या मॉडेलांपासून. कॅफेचा दंड त्यानंतरही होता, पण नुसता तो भरून भागेना. कार्बन डायऑक्साइड हाही हवा प्रदूषित करणारा वायू आहे, असं २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मानलं आणि तिथली पर्यावरण संस्था ईपीए मैदानात उतरली. धुराचा आणि पेट्रोलचा हिशोब शेवटी एकच. जेवढं जाळाल तेवढा कार्बन. पण ईपीएचा कायदा वेगळ्या धाटणीचा. कॅफेत पैसे भरून गाडी विकत राहता यायचं. इथे अट पाळली नाही तर गाडी विकण्याचं प्रमाणपत्रच धोक्यात, आणि दंड गाडीमागे हजारो डॉलरचा. इथे टोलनाकाच नव्हता, सरळ भिंत होती.

जर्मन कंपन्या तेव्हा खऱ्या अस्वस्थ झाल्या. २०११ मध्ये ओबामा सरकारने २०२५ पर्यंत ५४.५ मैलांचं लक्ष्य मांडलं, त्यावर तेरा कंपन्यांनी संमती दिली, पण डाइमलर आणि फोक्सवॅगन बाहेर राहिल्या. छोट्या ताफ्यांना सुरुवातीची काही वर्षं ढील मिळाली. त्यानंतर क्रेडिट विकत घेण्याचा मार्ग उरला.

क्रेडिट म्हणजे?

अटीपेक्षा चांगली कामगिरी केलीत तर जमा, आणि ती जमा दुसऱ्याला विकता येते. मर्सिडीज आणि फेरारी सुरुवातीच्या खरेदीदारांत होत्या, तर होंडा, निसान, टेस्ला विकणाऱ्यांत. टेस्लाला २०२४ मध्ये जगभरातल्या अशा क्रेडिट विक्रीतून २७६ कोटी डॉलर मिळाले. म्हणजे सरकारी तिजोरीत गेला असता तो दंड प्रतिस्पर्ध्याच्या खिशात गेला.

युरोपात काय?

तिथे दर असा आहे की हसून भरता येत नाही. किलोमीटरला अटीपेक्षा जास्त सोडलेल्या प्रत्येक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे, प्रत्येक गाडीला ९५ युरो. लाख गाड्या विकणारी कंपनी १० ग्रॅमनी चुकली तर ९.५ कोटी युरो. फोक्सवॅगन समूह २०२० मध्ये जेमतेम अर्ध्या ग्रॅमने चुकला, तरी तरतूद १० कोटी युरोंच्या वर गेली.

आपल्याला जवळचं उदाहरण जग्वार लँड रोव्हरचं. टाटांनी २००८ मध्ये फोर्डकडून घेतलेली ही कंपनी एसयूव्हीवर जगते. २०२० मध्ये प्लग-इन, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर चार्ज करायची बॅटरीही असलेल्या गाड्यांची डिलिव्हरी लांबली आणि युरोपच्या दंडापोटी ३.५ कोटी पौंड बाजूला काढावे लागले. पुढच्याच वर्षी तिने टेस्लाबरोबर 'पूल' केला, म्हणजे कायद्यासाठी दोघांच्या गाड्या एकाच ताफ्यातल्या धरल्या. मुंबईत मुख्यालय असलेल्या समूहाच्या रेंज रोव्हरचं ॲव्हरेज टेस्लाने सांभाळलं!

जड प्लग-इन हायब्रिड खरंच इतकी कमी पितात?

कागदावर. रेंज रोव्हरच्या प्लग-इनचा अधिकृत आकडा किलोमीटरला २० ग्रॅमच्या आसपास होता, आणि गाडी अडीच टनांच्या वर. कारण चाचणीचं सूत्र गृहीत धरतं की मालक रोज रात्री चार्जिंग लावणार. मालक लावत नाही. गाड्यांमधूनच गोळा केलेल्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये सांगितलं की रस्त्यावर या गाड्या प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट कार्बन सोडतात. २०२५ पासून ते सूत्र कडक केलंय.

फ्रान्स थेट गिऱ्हाइकालाच गाठतो. तिथे २०२५ मध्ये सर्वाधिक कार्बन सोडणाऱ्या नव्या गाडीच्या नोंदणीवर ७०,००० युरो जादा कर होता.

अमेरिकेत आता दंड किती आहे?

शून्य. मधल्या काळात ०.१ मैलामागचा दर १४ डॉलर केला होता आणि पुढे तो १७ पर्यंत गेला. मग ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने थेट शून्यावर आणला, तोही २०२२ च्या मॉडेलांपासून. अट रद्द केलेली नाही, पावतीवरची रक्कम तेवढी कोरी केली. क्रेडिट विकणाऱ्यांना याचा पहिला फटका बसला, कारण फुकटात सुटणारी गोष्ट कोण विकत घेईल?

भारतात लक्झरी कंपन्यांना दंड बसतो का?

आपला कॅफे वजनावर चालतो. कंपनीने विकलेल्या गाड्यांचं सरासरी वजन जास्त, तर अट सैल. सध्याच्या दुसऱ्या टप्प्यात १,१४५ किलो सरासरीला १०० किलोमीटरमागे ४.७७ लिटर, म्हणजे लिटरला २१ किलोमीटरची अट आहे. सरासरी हजार किलोने वाढली तर अट ६.७७ लिटरवर, लिटरला १४.८ किलोमीटरवर येते. शिवाय हिशोबात एक इलेक्ट्रिक गाडी तीन गाड्यांच्या बरोबरीची. महागड्या इलेक्ट्रिक गाड्या थोड्या विकल्या तरी छोट्या ताफ्याचं चित्र पालटतं.

जानेवारी २०२३ पासून दंड गाडीमागे आहे. १०० किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत चुकलात तर २५,००० रुपये, त्यावर ५०,०००. वर १० लाखांपर्यंतचा मूळ दंड वेगळा. २०२२-२३ साठी आठ कंपन्यांवर मिळून सुमारे ७,३०० कोटींचा हिशोब निघाल्याच्या बातम्या आल्या. वाढीव दर वर्षाच्या मध्यातून आला, मग तो संपूर्ण वर्षाला कसा लावता, यावर वाद झाला. मला त्यातला सपाट दर खटकतो. ५० हजार रुपये सहा लाखांच्या हॅचबॅकच्या कंपनीला जीवघेणे आहेत, ऐंशी लाखांच्या गाडीला चिल्लर. तिसरा टप्पा एप्रिल २०२७ पासून आणायचं घाटतंय आणि लहान पेट्रोल गाड्यांना सवलत द्यावी की नाही, यावर कंपन्यांचीच आपसात जुंपली आहे.

मुलगा न्यू जर्सीत सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतोय. गॅस गझलर टॅक्स त्याला पडेल का?

नाही. तो कर कंपनी किंवा आयातदार पहिल्या विक्रीच्या वेळी एकदाच भरतो. जुन्या गाडीच्या किमतीत तो केव्हाच मुरलेला असतो. अपवाद एक. त्याने स्वतः परदेशातून तशी गाडी मागवली, तर कायद्याच्या नजरेत आयातदार तोच. मग कर खात्याचा ६१९७ क्रमांकाचा फॉर्म भरून पैसे त्यालाच द्यावे लागतील. काचेवरचा जुना कागद मिळाला तर मात्र जपून ठेवायला सांगा, हौशी लोक तो कागद बघून गाडीला चार पैसे जास्त देतात.